तुझं खरं नाव घेऊन

गिरजा मावशी,

तू गेलीस त्या सकाळी मी तुझ्या अंगणात पाण्याची बादली घेऊन उभी होते आणि आत पाऊल टाकायची माझी हिंमत होत नव्हती. हे तुला कळलं असतं तर तोंडातला तंबाखूचा खर्रा सांभाळत, हनुवटी वर करून तू हसली असतीस. "मेल्या माणसाले काय भेतं वं पोरी?" म्हणाली असतीस. पण मला तुझी भीती वाटत नव्हती. रस्त्याच्या पलीकडं कडुनिंबाखाली ज्या बाया उभ्या होत्या, त्यांची वाटत होती.

तुला आंघोळ घालायची होती, हळद लावायची होती, लुगडं नेसवायचं होतं. ही कामं गावातल्या बायांची. आणि एकही बाई रस्ता ओलांडत नव्हती. तुझी लेक वंदना नेरहून पहिल्या बसनं निघाली होती, पण नेर कुठं आणि आपलं गाव कुठं. राजूरहून येताना ऑटोत माझ्या मागं बसलेला एक माणूस दुसऱ्याला म्हणत होता, "अशी बाई मेल्यावर जास्त भारी होते. जिती असली त दिसते तरी. मंग दिसत नाई." मी वळून पाहिलं नाही. ओढणी घट्ट धरून बसले.

संस्थेच्या वाघमारे सरांचा फोन आला. "प्रज्ञा, कोणी पुढं येत नसेल तर सांग. मी वणीहून आपली माणसं घेऊन येतो."

"थांबा सर," मी म्हणाले. आपली माणसं म्हणजे अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या संस्थेची माणसं. त्यांनी तुला उचललं असतं तर तू इतकी वर्षं या गावात कशासाठी टिकून राहिलीस, ते त्या एका सकाळी पुसलं गेलं असतं. पण थांबून काय होणार होतं, तेही मला ठाऊक नव्हतं. बादलीतलं पाणी गार होत चाललं होतं.

मावशी, आपली ओळख झाली तीही भीतीतूनच. तुझी चहाची टपरी गावाच्या वळणावर, कोळशाचे ट्रक जिथं थांबतात तिथं. खाणीत सुरुंगाचा बार उडाला की तुझ्या फळीवरचे ग्लास किणकिणायचे आणि तू बोलता बोलता हात लावून ते थांबवायचीस. त्या टपरीवर शेजारच्या सुरेखाचं तान्हं बाळ तू मांडीवर घेतलंस, त्याला गाणं म्हटलंस, त्याच्या गालाला बोट लावलंस. थोड्या दिवसांत ते बाळ तापानं गेलं. कुणीतरी म्हणालं, गिरजानं घेतलं तवापासूनच बिघडलं. मग कुणी तुझ्या नवऱ्याचं मरण काढलं, कुणी आपली आटलेली म्हैस काढली. तू करणी करतेस असं गावानं ठरवलं, आणि एका दुपारी माणसं जमली. तुझ्या चुलीत पाणी ओतलं, किटली दगडानं चेचली, तुला हाताला धरून शिवेवर नेलं आणि तापलेल्या जमिनीवर बसवून ठेवलं. पोलीस आले, तक्रार झाली, कायद्यानं जे व्हायचं ते झालं. सगळ्यात शेवटी मी आले, वही आणि मोबाईल घेऊन.

"तू काय करतं नेमकं?" तू विचारलंस.

"मी संस्थेसाठी लोकांच्या गोष्टी लिहिते, मावशी. त्यांच्यावर काय गुदरलं ते."

"लिहून घेतं, मंग नेतं कुठी?"

"पुण्याला, मुंबईला. लोक वाचतात. त्यांना वाटतं की आपणही काही करावं. मग मदत येते, त्यातून इथं काम चालतं."

"अन इथल्या लोकाईले कोन वाचून दाखवते?"

"इथं काम करतो ना आम्ही. शिबिरं घेतो, पोस्टर लावतो."

तू चेचलेली किटली हातोडीनं ठोकून सरळ करत होतीस. ठोकणं न थांबवता म्हणालीस, "पोस्टर लावलं व्हतं थे बकरीनं खाल्लं." आणि हसलीस. त्या दिवशी त्या गावात मला पहिल्यांदा श्वास घ्यावासा वाटला.

गावानं तुझा चहा सोडला. परगावचे ड्रायव्हर तेवढे पीत राहिले. त्यांच्यातल्या एका उंच सरदारजीला कुणीतरी तुझ्याबद्दल मुद्दाम सांगितलं. तो ग्लास घेऊन तुझ्याकडं आला आणि म्हणाला, "मौसी, जादू आती है तो चाय में शक्कर कम काहे पड़ती है?" ही गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस! दर वेळी साखरेचा डबा हातात घेऊन सांगायचीस. त्या काळात जगात तुझ्याशी थट्टा करणारा तो एकटाच माणूस होता, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मी तुझी गोष्ट लिहिली. चांगली लिहिली, असं सगळे म्हणाले. पुण्याच्या कार्यक्रमात वाचली तेव्हा लोक रडले. पुस्तिकेचं ते पान मी तुला दाखवायला आणलं, तर तू फोटोतल्या पुसट केलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलंस.

"हे कोन?"

"तूच."

"अन हे शांताबाई कोन?"

"तुझं नाव बदललंय. तुझ्या जिवाला धोका नको म्हणून."

तुझा आवाज चढला. "गावातलं बारकं पोरगंही सांगन गिरजा कोन ते. पुन्याच्या लोकाईपासून मले कायचा धोका? जिनं काई केलंच नाई तिनं तोंड काहून लपवावं?"

"तू एकटी नाहीस ना मावशी. पुस्तिकेत आणखी बायका आहेत. एकीची मुलगी लग्नाची आहे. एकीचा नवरा कागद पाहून तिला घराबाहेर काढेल. सगळ्या तुझ्यासारख्या नाहीत."

तू फोटोवरचं बोट उचललंस. मग म्हणालीस, "थेही खरं हाय." पण तुझं समाधान झालं नव्हतं आणि माझंही नाही. पुढं दर काही महिन्यांनी हा वाद आपल्यात निघायचा आणि अर्ध्यावर राहायचा. मी म्हणायचे, गोष्ट सांगणाऱ्याला आधी जपायला हवं. तू म्हणायचीस, नाव पुसलं की लोकाईले वाटते, आसन कुठली तरी बाई, आपल्या गावची नसन. आपण दोघीही बरोबर होतो असं मला अजून वाटतं. म्हणूनच तो वाद संपत नव्हता.

नवी किटली हातात देऊन तुझा फोटो काढायला शहरातून एक फोटोग्राफर आला होता, आठवतं? "आजी, थोडं हसा," तो म्हणाला. गोष्टीचा शेवट आनंदाचा दिसावा, अशी सगळ्यांचीच इच्छा होती. माझीही. तू त्याच्याकडं पाहिलंस आणि विचारलंस, "काहून? काई चांगलं झालं काय?" तुझा तो फोटो कपाळावर आठ्या असलेलाच आला. सर म्हणाले, नको हा. मी हट्ट केला आणि पुढच्या पुस्तिकेत तोच छापला, डोळे तेवढे झाकून. ते तुला सांगायचं राहून गेलं.

मग तू म्हणालीस, "ग्रामसभेत बोलतो म्हन्तो."

मी तुला त्या दिवशी किती अडवलं. टपरीच्या फळीला टेकून मी सकाळभर बोलत होते. लोक खवळले तर? पुन्हा हात टाकला तर? पुण्यातली माणसं रडून घरी गेली, तसं इथं होणार नाही. इथं ऐकणारे तेच, ज्यांनी तुला शिवेवर नेलं. तू खर्रा घोटत ऐकून घेतलंस. "तू येजो," म्हणालीस. "नाई आली तरी चालते."

मी आले. तुझ्या मागं दोन हातांवर, दाराजवळ बसले. पळायची वेळ आली तर गाडी कुठं लावलीय हे मनात घोकत बसले.

तू उभी राहिलीस ती आधी पदर नीट करून. मला वाटलं होतं तू चिडशील, नावं घेशील. तू फक्त ती दुपार सांगितलीस. चुलीत पाणी पडल्यावर झालेला चर्र आवाज. जमिनीचा चटका. मग म्हणालीस, "मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली व्हती. कोनाच्याच तोंडावर राग नव्हता बाप्पा. तुमी मले भेत व्हते. मी तुमाले भेत व्हती. एवढी सारी मानसं एका जागी, अन सारीच भेलेली."

तू सुरेखाकडं वळलीस. ती बायांमध्ये मागं बसली होती.

"सुरेखा, लेकराले ताप कवा आला, हे तुले कोनी इचारलं काय? मलेही नाई इचारलं. तुलेही नाई."

सुरेखा उठली आणि बाहेर गेली. सभा गडबडीत पुढच्या विषयावर गेली, नाल्या आणि पाणी. तू माझ्याजवळ येऊन बसलीस तेव्हा तुझा हात बर्फासारखा होता. तोवर मला वाटत होतं, तुला भीती वाटतच नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. तुझ्या टिनाच्या छपरावर दगड पडायचे. वणीहून येताना मागं मोटारसायकल आली की मी गाडी बाजूला घेऊन ती पुढं जाईतो थांबायचे. एकदा दुपारी मी उन्हातून आले, तर तू मला लिंबाचं सरबत दिलंस. मी ते घटाघट प्यायले. मग तू सांगितलंस, "सकायी कोनीतरी पायरीवर टाचन्या टोचलेलं लिंबू ठेवलं व्हतं. टाचन्या काढून टाकल्या. लिंबू रसदार व्हतं." मी तिथंच डोकं धरून बसले. मी घरात बाबासाहेबांची तसबीर असलेली, विज्ञान शिकलेली मुलगी. पण घरी जाईपर्यंत मी आपलं पोट चाचपत होते. तू डोळ्यांत पाणी येईतो हसलीस. मग डोळे पुसून म्हणालीस, "मीही आधी एक घोट पिऊन पाह्यला, मंगच तुले देल्ला."

याच दिवसांत सुरेखा मात्र तुझ्या टपरीवर यायला लागली. उभ्या उभ्या चहा प्यायची, एक शब्द न बोलता ग्लास ठेवून जायची. मी तुला म्हणाले, हे लिहू का? तू म्हणालीस, "लिहू नको. तिचं हाय थे. तिले सांगायचं आसन तवा सांगन."

यवतमाळच्या दवाखान्यात तुला शेवटचं भेटले तेव्हा धाप लागून तुला वाक्य पुरं करता येत नव्हतं. तरी तुला बोलायचंच होतं. आपल्या गावापासून जवळच्या एका वस्तीत एका म्हाताऱ्या बाईवर तसाच आळ आल्याचं तुझ्या कानावर आलं होतं. शेजारचं पोरगं सारखं आजारी पडतं म्हणून.

"तिले पाहून ये. माई गोष्ट सांग तिथं."

"तू बरी हो. आपण दोघी जाऊ."

"माया सोताच्या नावानं सांग. थे शांताबाई-फांताबाई नको."

मी तुझी चादर सारखी केली. हो म्हणाले नाही. तुझ्यानंतर वंदनाचं काय, तिच्या सासरी काय म्हणतील, तिथल्या लोकांनी मलाच हाकललं तर, असं सगळं डोक्यात आलं. तू माझ्याकडं पाहत राहिलीस. तुला घरी आणलं आणि माझं उत्तर न ऐकताच तू गेलीस, हे मला सलतं.

त्या सकाळी अंगणात मी हेच आठवत उभी होते. मग पलीकडं निंबाखाली हालचाल झाली. सुरेखा एकटीच रस्ता ओलांडून आली. तिच्या सासूनं तिला मागून हाक मारली. ती थांबली नाही. माझ्या हातातली बादली घेतली, पाण्यात बोट घालून पाहिलं आणि मला म्हणाली, "गार झालं. चूल पेटवा." मग ती दाराकडं गेली, उंबऱ्यावर वळून उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता, पण पलीकडं सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता.

"मावशीनं घेतलं त्याच्या आधीपासून माया लेकराले ताप व्हता! दोन दिवसांपासून व्हता. मले ठाऊक व्हतं. मले कोनी इचारलं नाई, अन मी भेवापायी बोलली नाई."

ती आत गेली. मी तुझी चूल पेटवली. मागं पावलं वाजली. एक म्हातारी हळदीची वाटी घेऊन आली होती. तिच्यामागं आणखी एक. सगळ्या नाही आल्या, मावशी. खोटा शेवट तुला आवडायचा नाही म्हणून सांगते, बऱ्याच जणी निंबाखालीच राहिल्या, आणि सुरेखाची सासू घरी निघून गेली. पण तुला गावातल्या बायांनी आंघोळ घातली. तुला खांदा गावानं दिला. सरांना वणीहून कुणाला आणावं लागलं नाही.

वंदना पोहोचली तेव्हा तुला न्यायची वेळ झालीच होती. संध्याकाळी ती शांत झाल्यावर मी तिला विचारलं, आईची गोष्ट तिच्या नावानं सांगितली तर तुला त्रास होईल का? तिनं नाक पुसलं. "होईल," ती म्हणाली. "सांगा तरी."

म्हणून परवा मी त्या वस्तीत गेले.

शाळेच्या ओसरीवर बाया जमल्या होत्या, चारदोन पुरुष लांब उभे होते. जिच्यावर आळ होता तिचं दार बंद होतं. मी तिच्या दाराकडं पाठ करून बसले, कारण तोंड करून बसायची हिंमत झाली नाही. तुझं नाव घेतलं. गिरजाबाई, अमुक गावची, वळणावर जिची चहाची टपरी होती. एक जण म्हणाला, "तिले वळखतो आमी. तिच्याकडं चहा पेलेलो हावो." त्या एका वाक्यानं सगळे जवळ सरकले. तू म्हणायचीस ते हेच होतं. कुठलीतरी बाई नाही, वळणावरची गिरजा.

मी सगळं सांगितलं. चूल, शिव, सभा, आणि सुरेखानं उंबऱ्यावरून काय सांगितलं ते. ते सांगायची परवानगी सुरेखानंच दिली होती. एक म्हातारा मधेच उठून, थुंकून निघून गेला. बाकीचे बसून राहिले. शेवटी, ज्या घरातलं पोरगं आजारी होतं त्याची आई, अर्चना, हळूच म्हणाली, "माया पोराले मातर इचारलेलं हाय. मीच इचारलं. हातपाय लई दुखते म्हन्ते. रडते रातभर. मंग ताप."

"दवाखान्यात नेलं होतं का?"

"गोळ्या देल्ल्या. बरं व्हते, मंग पुन्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिला आणि पोराला वणीला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सावकाश समजावलं. या आजाराला सिकलसेल म्हणतात. रक्तातच असतो. आई आणि बाप दोघांकडून येतो, कुणाचा दोष नसतो. औषध चालू ठेवायचं, पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं. अर्चना एकटक ऐकत होती. बाहेर बाकावर आल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. तिची एक भीती गेली होती आणि तिच्या जागी दुसरी, खरी भीती आली होती. तिला मी काय धीर देणार? मी तिच्याजवळ बसून राहिले.

पोराला मांडीवर घेत ती म्हणाली, "मंग त्या म्हातारीनं काई केलं नाई."

"नाही."

"हे वस्तीत कोन सांगन? तुमी सांगता काय?"

मी हो म्हणणारच होते. ते सोपं होतं. तेच तर माझं काम. शब्द जुळवायलाही लागले होते मनात. मग थांबले आणि म्हणाले, "तुम्ही सांगा. मी बाजूला उभी राहते."

"मले भेव लागते."

"मलाही लागतं."

तिनं पोराच्या डोक्यावरचा रुमाल पुन्हा बांधला. "मले नीट सांगता नाई येनार," ती म्हणाली.

काल संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी बाया भांडी घेऊन उभ्या होत्या. अर्चना गर्दीत शिरली, पोराला कडेवर घेऊन. मी कबूल केल्याप्रमाणे बाजूला उभी राहिले. भांड्यांच्या आणि पाण्याच्या आवाजात मला तिचे पहिले शब्द ऐकूच आले नाहीत. मग आले.

"आजार माया रगतात हाय," ती सांगत होती, "अन याच्या बापाच्या रगतात हाय. त्या बुढीच्या हातात काई नाई."

कुणीतरी पाण्याचा नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.